कोण थांबू शकतं?

वायरलेसवरून निरोप येतो : ‘बारा जखमी, डिलेड.’ एवढाच. मोठ्या दुर्घटनेत जखमींना निकडीप्रमाणे गटांत वाटून रंगीत कार्डं लावतात, आणि डिलेड, म्हणजे थांबू शकणारे, हा त्यातला एक गट. ज्या हॉस्पिटलात हा निरोप पोहोचला तिथल्या माणसानं आता काय तयारी करायची? त्याचं शिक्षण ब्रिटिश पद्धतीनं झालं असेल तर त्याच्या लेखी डिलेड म्हणजे हिरव्या कार्डाचे, तिसऱ्या गटातले जखमी. खरचटलेले, मनगट दुखावलेले, स्वतःच्या पायांनी चालत येणारे. त्यांच्यासाठी एक मोठी खोली, बसायला बाकं आणि दोन-तीन नर्स पुरतात. पण निरोप देणारा नाटोच्या किंवा अमेरिकन पद्धतीत तयार झाला असेल तर त्याचे डिलेड पिवळ्या कार्डाचे असतात, दुसऱ्या गटातले. मांडीचं हाड मोडलेले, पोटाला मार बसलेले, ज्यांना शस्त्रक्रिया लागणार हे नक्की आहे पण ती काही तास लांबली तरी लगेच जीव जाणार नाही असे. त्यांना खाटा लागतात, रक्त लागतं, क्ष-किरण लागतो, ऑपरेशन थिएटर लागतं.

दोघंही बरोबर आहेत. दोघांनीही आपापलं पुस्तक नीट पाठ केलं आहे. आणि बारा माणसं अशा दारात उतरणार आहेत जिथं त्यांच्यासाठी बाकं मांडून ठेवली आहेत.

मी इमर्जन्सी विभागात काम करते. मोठ्या अपघाताची किंवा आपत्तीची तयारी म्हणून जे सराव होतात त्यात लष्करी वैद्यकीय पथकांबरोबर उभं राहण्याची संधी मला अधूनमधून मिळते, आणि त्या सरावांतून मनात घर करून राहिलेला विषय हा आहे. सरावानंतरच्या चर्चेत बहुतेक वेळ साहित्यावर जातो. स्ट्रेचर किती होती, ॲम्ब्युलन्स कुठे अडली, जनरेटर का चालला नाही. शब्दांवर कोणी फार बोलत नाही, कारण शब्द सगळ्यांना येतातच असं सगळे धरून चालतात. अनोळखी शब्द कानावर आला तर माणूस ‘म्हणजे काय?’ असं विचारतो. ओळखीचा आला की मान डोलावतो आणि पुढच्या कामाला लागतो. म्हणून मला भीती वाटते ती ओळखीच्या शब्दांची.

‘अर्जंट’ घ्या. लष्करात जखमींना उचलायला हेलिकॉप्टर मागवायचं असेल तर नऊ ओळींचा एक ठरलेला निरोप असतो. त्याच्या तिसऱ्या ओळीत जखमींची निकड सांगायची असते, आणि अमेरिकन लष्कराच्या क्रमात सगळ्यात वर असतो अर्जंट. त्याखाली अर्जंट सर्जिकल, मग प्रायॉरिटी, मग रुटीन, शेवटी कन्व्हीनियन्स. म्हणजे तिथं अर्जंट हा पहिला आणि प्रायॉरिटी त्याच्या बराच खाली. ब्रिटिश नागरी पद्धतीत जखमींचे गटच पी-वन, पी-टू, पी-थ्री असे असतात. यातला पी म्हणजे प्रायॉरिटी. त्यात पहिल्याचं नाव इमिजिएट आणि दुसऱ्याचं अर्जंट. एकाचा सर्वांत वरचा शब्द दुसऱ्याच्या दुसऱ्या पायरीवर बसलेला. ‘प्रायॉरिटी पेशंट आहे’ असं एखाद्या ॲम्ब्युलन्समधल्या माणसानं हेलिकॉप्टरच्या पथकाला कळकळीनं सांगितलं तर ऐकणाऱ्याच्या मनात काही तास थांबू शकणारा माणूस उभा राहण्याची शक्यता आहे.

आकडे तरी निर्विवाद असतील असं वाटतं. तेही नाहीत. नाटोच्या रचनेत रोल वन म्हणजे आघाडीजवळची सगळ्यात छोटी जागा, प्रथमोपचार आणि जीव तगवून पुढे पाठवण्यापुरती. रोल टूमध्ये जीव वाचवणारी तातडीची शस्त्रक्रिया होते, रोल थ्री म्हणजे मोठं फील्ड हॉस्पिटल, आणि रोल फोर मायदेशातलं पूर्ण सुसज्ज रुग्णालय. आकडा वाढला की क्षमता वाढते. अमेरिकेतल्या नागरी ट्रॉमा सेंटरांची क्रमवारी नेमकी उलटी आहे : लेव्हल वन सगळ्यात मोठं आणि आकडा वाढत जाईल तशी क्षमता कमी. जागतिक आरोग्य संघटनेनं आपत्तीत जाणाऱ्या वैद्यकीय पथकांचं वर्गीकरण केलं तेव्हा लष्करासारखाच चढता क्रम घेतला. टाइप वन म्हणजे बाह्यरुग्ण तपासणारं पथक, टाइप थ्री म्हणजे अतिदक्षता विभागासकट येणारं. ‘याला वनला न्या’ या तीन शब्दांच्या वाक्याचे परस्परविरोधी दोन अर्थ होतात.

आणखी एक जोडी मला फार अस्वस्थ करते, कारण तिचा संबंध थेट हुकूम कोणी द्यायचा याच्याशी आहे. लष्करी विचारात वरून खाली तीन पातळ्या असतात : स्ट्रॅटेजिक, ऑपरेशनल, टॅक्टिकल. म्हणजे टॅक्टिकल सगळ्यात खाली, प्रत्यक्ष जमिनीवर. ब्रिटनच्या पोलीस, अग्निशमन आणि ॲम्ब्युलन्स सेवांमध्ये हेच तीन शब्द आहेत, पण क्रम वेगळा आहे : स्ट्रॅटेजिक, टॅक्टिकल, ऑपरेशनल. तिथं ऑपरेशनल कमांडर ढिगाऱ्याजवळ उभा असतो आणि टॅक्टिकल त्याच्या वर. एका खोलीत हे दोघं भेटले आणि ‘मी टॅक्टिकल पातळीवरून बोलतोय’ असं एकानं म्हटलं, तर दुसऱ्यानं त्याला आपला वरिष्ठ समजायचं की कनिष्ठ?

‘कॅज्युअल्टी’ आणि ‘इव्हॅक्युएशन’ यांची गोष्ट याच जातीची आहे, पण लवकर सांगून होण्यासारखी. लष्कराच्या हिशोबात कॅज्युअल्टी म्हणजे पथकातून कमी झालेला माणूस, मग तो मेलेला असो, जखमी असो, बेपत्ता असो की शत्रूच्या ताब्यात असो. हॉस्पिटलात कॅज्युअल्टी म्हणजे उपचारासाठी आलेला जिवंत माणूस. लष्करी डॉक्टरचं इव्हॅक्युएशन म्हणजे जखमीला मागे हलवणं. जिल्हा प्रशासनाचं इव्हॅक्युएशन म्हणजे वस्तीच्या वस्ती सुरक्षित जागी नेणं. ‘इव्हॅक्युएशन पूर्ण झालं’ हे वाक्य ऐकून कोणी शोधपथक परत बोलावलं तर काय होईल याचा विचार करून पाहावा.

हे असं का झालं, हे समजून घ्यायला इतिहासात जावं लागतं, आणि तो इतिहास मला मनापासून आवडतो. जखमींची वर्गवारी, म्हणजे ट्रायाज, ही रणांगणातून आलेली गोष्ट आहे. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक डॉमिनिक जाँ लारे यानं 1790 च्या दशकात घोड्यांच्या हलक्या गाड्या आघाडीपर्यंत नेऊन जखमींना लढाई चालू असतानाच उचलायला सुरुवात केली. त्याआधी जखमी लढाई संपेपर्यंत पडून राहत. लारेनं घालून दिलेला नियम असा : ज्याची जखम सगळ्यात गंभीर त्याच्यावर उपचार आधी, हुद्दा कोणताही असो. ज्या सैन्यात सरदार आणि शिपाई यांच्यात एवढं अंतर होतं तिथं एका डॉक्टरनं असं म्हणावं याचं मला आजही अप्रूप वाटतं. पुढे 1949 च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या बाराव्या कलमात हेच तत्त्व कायद्याच्या भाषेत आलं : उपचारांचा अग्रक्रम ठरवताना तातडीच्या वैद्यकीय कारणाखेरीज दुसरं कोणतंही कारण चालणार नाही. आपल्या बाजूचा की शत्रूचा, हेही नाही.

नागरी ट्रायाज मात्र पुढे आपापल्या वाटेनं वाढला. 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या अग्निशमन विभागानं तिथल्या एका हॉस्पिटलाबरोबर ‘स्टार्ट’ नावाची पद्धत बसवली. चालू शकतो? हिरवा. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त? लाल, म्हणजे लगेच उपचार. नख दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात? लाल. साधी सूचना पाळता येत नाही? लाल. श्वास घेणाऱ्यांपैकी उरलेले पिवळे. एका माणसामागे मिनिटभरापेक्षा जास्त वेळ लागू नये ही अपेक्षा. पद्धत साधी आहे आणि तिनं जगभर काम केलं आहे. पण तिची पहिली पायरी, ‘चालता येईल त्यांनी इकडे या’ ही हाक, आणि शेवटची, ‘माझं बोट दाबा’ ही सूचना, दोन्ही भाषेवर उभ्या आहेत. ज्याला हाक मारणाऱ्याची भाषा कळत नाही, किंवा स्फोटानं ज्याचे कान बधिर झाले आहेत, तो धडधाकट असूनही लाल ठरू शकतो. जखमी माणूसही या भाषेच्या व्यवहारातला एक पक्ष आहे, हे परिभाषेच्या चर्चेत निसटून जातं.

लष्करी आणि नागरी भाषा एकत्र आणण्याचा जो प्रयत्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकात झाला. टिम हॉजेट्स हे लष्करी डॉक्टर आणि केव्हिन मॅकवे-जोन्स हे मँचेस्टरचे नागरी इमर्जन्सी डॉक्टर, या दोघांनी मिळून मोठ्या दुर्घटनेच्या वैद्यकीय व्यवस्थापनाचा एक अभ्यासक्रम बांधला. त्याचं संक्षिप्त नाव ‘मिम्स’. त्यात कामाचा क्रम सात शब्दांत सांगितला आहे : कमांड, सेफ्टी, कम्युनिकेशन, असेसमेंट, ट्रायाज, ट्रीटमेंट, ट्रान्सपोर्ट. डॉक्टरच्या हाताला सवय असते आधी उपचाराची, आणि इथं उपचार सहाव्या जागी. तो तिथं आहे याचं कारण लष्करी आणि नागरी अशा दोन्ही जगांतल्या लोकांनी एकाच टेबलाशी बसून क्रम ठरवला. आपली सुरक्षा आणि निरोपांची वाट आधी नीट नसेल तर सहावी पायरी येतच नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. नाटोच्या देशांत आणि नागरी हॉस्पिटलांत एकच अभ्यासक्रम शिकवला जाणं ही मोठी गोष्ट आहे. दोघं एकाच वर्गात बसलेले असले तर नंतर रस्त्यावर बोलताना दुभाषा लागत नाही.

तरीही गाठ पूर्ण सुटली नाही. मॅकवे-जोन्स ज्या गटात होते त्याच मँचेस्टर गटानं 1994 पासून इमर्जन्सी विभागासाठी रोजच्या वापराची वर्गवारीही तयार केली. हेतू हाच होता की वेगवेगळ्या हॉस्पिटलांतली नावं आणि व्याख्या एक व्हाव्यात. ती आज अनेक देशांत वापरली जाते. तिच्यात पाच रंग आहेत आणि शेवटचा निळा म्हणजे सगळ्यात किरकोळ, चार तास थांबला तरी चालेल असा. मिम्सच्या आपत्तीच्या कार्डांवर मात्र निळा म्हणजे ज्याच्या जगण्याची आशा हाती असलेल्या साधनांत फारच थोडी आहे असा जखमी. रोज निळा म्हणजे सर्दी-खोकला असं डोक्यात बसलेल्या नर्ससमोर आपत्तीच्या दिवशी निळं कार्ड गळ्यात अडकवलेला माणूस येतो. यात दोष कोणाचाच नाही. रोजची वर्गवारी आणि आपत्तीची वर्गवारी या दोन वेगळ्या गरजा आहेत. पण रंग मोजकेच, माणसाला आठवतील असे रंग आणखी मोजके, आणि ते परत परत वापरले जातात.

या निळ्या कार्डाशी थोडं थांबायला हवं.

लष्करी वर्गवारीत त्याला ‘एक्स्पेक्टंट’ म्हणतात. टी-फोर, म्हणजे चौथा गट. जखमा इतक्या गंभीर आणि इतक्या ठिकाणी की एकट्या या माणसासाठी सगळं पथक तासन्‌तास अडकेल, आणि तेवढ्या वेळात वाचू शकणारी इतर माणसं जातील. एरवी हाच माणूस एकटा आला असता तर तो लालांतला लाल ठरला असता. या गटाची व्याख्या माणसाच्या शरीरात नसते. ती पथकाकडे किती हात आहेत, किती रक्त आहे, पुढची गाडी कधी येणार आहे, यात असते. म्हणून हा गट वापरायचा की नाही हे एखाद्या तरुण डॉक्टरनं एकट्यानं ठरवायचं नसतं. तो निर्णय घटनेचं वैद्यकीय नेतृत्व करणाऱ्यांचा असतो. आणि म्हणूनच तो सारखा तपासावा लागतो. दोन हेलिकॉप्टरं आली, आणखी एक सर्जन आला, की निळ्याचा लाल झालाच पाहिजे.

नागरी पद्धतींना हा गट पचवणं जड गेलं. स्टार्टमध्ये काळा रंग मृत आणि वाचण्याची शक्यता नसलेले, दोघांसाठी एकच आहे. 2008 मध्ये अमेरिकेत ‘सॉल्ट’ ही पद्धत मांडली गेली तेव्हा हे दोन वेगळे केले : मृतांना काळा, एक्स्पेक्टंटला करडा. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. काळं कार्ड लागलेल्या माणसाकडे पुन्हा कोणी वळून पाहत नाही. करडं कार्ड सांगतं की इथं कोणीतरी अजून श्वास घेतंय, याला वेदनाशामक द्या, याच्याजवळ कोणीतरी बसा, आणि हात मोकळे झाले की परत या. रंग बदलला की त्या माणसाच्या वाट्याला येणारी शेवटची काही मिनिटं किंवा उरलेलं सगळं आयुष्य बदलतं.

ब्रिटनमध्ये 2023 पासून ‘टेन सेकंड ट्रायाज’ आलं आहे. ते डॉक्टरांबरोबर पोलीस आणि अग्निशमन जवानांनीही वापरायचं आहे, म्हणून त्यात मोजमापं नाहीत. चालतोय का, रक्त जोरात वाहतंय का, बोलतोय का, श्वास घेतोय का, अशा नजरेनं कळणाऱ्या गोष्टी आहेत. वाहतं रक्त थांबवणं हे त्या दहा सेकंदांच्या कामातच धरलं आहे. आणि जो श्वास घेत नाही त्याला त्यात ‘मृत’ म्हणत नाहीत. रुपेरी रंग, आणि त्यावर लिहिलेलं असतं फक्त ‘श्वास नाही’. जे दिसलं तेवढंच लिहायचं, निष्कर्ष काढायचा नाही. मृत्यूचा निष्कर्ष पुढे येणारी वैद्यकीय पथकं काढतील. पोलिसाच्या हातात मृत्यू घोषित करण्याचं ओझं न देता त्याला उपयोगी पडू देणारी ही शब्दयोजना ज्या लोकांनी केली त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

शब्दांची वाहतूक रणांगणाकडून शहराकडे बरीच झाली आहे आणि ती वाहतूक बघण्यासारखी आहे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ए-बी-सी शिकलो : आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. 2006 मध्ये ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी, पुन्हा त्यात हॉजेट्स होतेच, या मालिकेच्या आधी आणखी एक सी लावला : जीवघेणा रक्तस्राव. हातापायातून भसाभसा वाहणारं रक्त आधी थांबवा, टुर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा घट्ट पट्टा, आवळा, मग बाकीचं. त्याच्या दहा वर्षं आधी, 1996 मध्ये, अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी लढाईतल्या उपचारांचे तीन टप्पे लिहिले होते : गोळीबार चालू असताना करायचं ते, गोळीबार थांबल्यावर करायचं ते, आणि नेताना करायचं ते. 2011 मध्ये नागरी सेवांतल्या लोकांनी एक समिती करून हीच मांडणी शहरासाठी बसवली. त्यांनी ‘गोळीबाराखाली उपचार’ हे नाव ठेवलं नाही. ‘थेट धोक्यात उपचार’, मग ‘अप्रत्यक्ष धोक्यात उपचार’, मग ‘हलवताना उपचार’ असं केलं. कारण शहरात धोका बंदुकीचाच असेल असं नाही. कोसळणारी भिंत, गॅसची गळती, वाढतं पाणी हेही थेट धोकेच आहेत. ही मला आदर्श देवाणघेवाण वाटते. अनुभव घेतला, त्याचा सांगाडा ठेवला, आणि आपल्या कामाला न बसणारं जाणीवपूर्वक बदललं.

2013 च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांत जागीच तिघांचा मृत्यू झाला, पण जे जखमी जिवंत हॉस्पिटलात पोहोचले त्यातलं कोणीही दगावलं नाही. रस्त्यावर लोकांनी हाताला लागेल त्याचे टुर्निके केले होते. त्यानंतर 2015 मध्ये अमेरिकेत ‘रक्तस्राव थांबवा’ ही मोहीम सामान्य नागरिकांसाठी सुरू झाली, आणि एके काळी फक्त लष्करी पिशवीत असणारी वस्तू शाळेच्या भिंतीवर आली.

पण तीच वाहतूक कधी अडखळते तेही सांगायला हवं. रासायनिक अपघाताच्या भाषेत हॉट झोन म्हणजे विषारी द्रव्य पसरलेली जागा. तिथून बाहेर येणाऱ्याला आधी धुवायचं. सशस्त्र हल्ल्याच्या भाषेत हॉट झोन म्हणजे हल्लेखोर जिथं आहे ती जागा. तिथून बाहेर येणाऱ्याला धुवायचं नसतं, उचलून पळायचं असतं. 22 मे 2017 च्या मँचेस्टर अरीनातल्या स्फोटात 22 जणांचा बळी गेला. नंतरच्या सार्वजनिक चौकशीत पुढे आलं की सशस्त्र हल्ल्यासाठीचा सांकेतिक शब्द पोलिसांनी जाहीर केला होता, पण तो ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन सेवांना कळवलाच गेला नाही. अग्निशमन दल घटनास्थळी दोन तासांहून अधिक उशिरा पोहोचलं. ‘मीथेन’ नावाचा सामायिक निरोपाचा साचा तेव्हा अस्तित्वात होता : मोठी दुर्घटना जाहीर झाली का, नेमकं ठिकाण, प्रकार, धोके, पोहोचायची वाट, जखमींची संख्या, कोणत्या सेवा हव्यात. शब्द होते, साचा होता, अभ्यासक्रमही होता. त्या रात्री तिन्ही सेवांना एकमेकांशी बोलायला हवं होतं ते बोलणं झालं नाही.

अमेरिकेत पोलिसांचे आणि अग्निशमनाचे ‘टेन-कोड’ हा असाच जुना त्रास. दहाच्या पुढे एक आकडा सांगायचा आणि त्यातून पूर्ण निरोप. एका विभागाच्या आकड्याचा अर्थ शेजारच्या विभागात वेगळा. 2006 पासून तिथल्या केंद्र सरकारनं अनुदानाची अटच घातली की जिथं अनेक यंत्रणा एकत्र येतील तिथं साध्या भाषेतच बोलायचं. कोड नाही, संक्षेप नाही. मला वाटतं, लष्करी आणि नागरी वैद्यकातला अर्धा प्रश्न याच वाटेनं सुटेल. ‘बारा डिलेड’ ऐवजी ‘बारा माणसं, शस्त्रक्रिया लागेल, चार तास थांबू शकतात’. बोलायला तीन सेकंद जास्त लागतात.

एका सरावात लष्करी पथकातल्या एका तरुण जवानानं मला जखमीची सूत्रं दिली ते मला फार आवडलं होतं. वय, वेळ, कशानं मार लागला, कुठे कुठे लागला, नाडी-श्वास-शुद्ध काय, आतापर्यंत काय केलं. थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी परत म्हणून दाखवलं. त्यानं मान हलवली आणि गेला. हाच साचा आमचे ॲम्ब्युलन्सवालेही वापरतात. दोघांमध्ये हा क्रम इतका एकसारखा बसला आहे की पुढचा शब्द येण्याआधी त्याची जागा कानात तयार असते, आणि एखादी जागा रिकामी राहिली तर लगेच कळतं. सामायिक परिभाषेचं सगळ्यात चांगलं रूप मला इथं दिसतं. वर्गाचं एक लेबल चिकटवून पुढे ढकलण्यापेक्षा माणसाची अवस्था ठरलेल्या क्रमानं सांगणं.

उरलेला अर्धा प्रश्न साध्या भाषेनं सुटत नाही, कारण तिथं फरक शब्दाचा नाही, हेतूचा आहे. ‘रिव्हर्स ट्रायाज’ पाहा. लष्करात त्याचा एक अर्थ असा की ज्यांना लवकर बरं करून पुन्हा उभं करता येईल अशा किरकोळ जखमींवर आधी उपचार, कारण तुकडी टिकली नाही तर सगळेच जातील. नागरी हॉस्पिटलात त्याच शब्दाचा अर्थ आहे : आत दाखल असलेल्यांपैकी ज्यांना घरी पाठवण्यात धोका कमी त्यांना सोडून खाटा मोकळ्या करणं. आणि वीज पडल्यावर अनेकजण एकदम कोसळले तर डॉक्टर म्हणतात इथं रिव्हर्स ट्रायाज करा, म्हणजे श्वास आणि नाडी थांबलेल्यांकडे आधी जा, कारण वीज पडूनही जे श्वास घेत आहेत ते बहुधा वाचतात. यातले शेवटचे दोन अर्थ कुठल्याही डॉक्टरला पटतील. पहिला मात्र नागरी आपत्तीत येऊ नये असं माझं ठाम मत आहे, आणि तो येऊ नये यासाठी तो वेगळा ओळखू आला पाहिजे. एकच छान गुळगुळीत व्याख्या करून तिन्ही अर्थ तिच्याखाली झाकले तर तो फरक दिसेनासा होईल.

म्हणून सगळंच एकत्र करा असं मी म्हणत नाही. परदेशी लष्कराची मदत आपत्तीत कशी घ्यायची यावर 1994 मध्ये ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली. त्यात लष्करी साधनं ही शेवटचा पर्याय मानली आहेत, म्हणजे त्याच तोडीचा नागरी पर्याय वेळेत उपलब्ध नसेल तेव्हा. आणि लष्करी-नागरी संबंधासाठी त्या जगात शब्द वापरतात तो समन्वय. कमांड नाही. मदत करणाऱ्या नागरी संस्थांना हा शब्द जपायचा असतो याला कारण आहे. संघर्षाच्या प्रदेशात त्यांची सुरक्षितता त्या कोणाच्याही हुकमाखाली नाहीत यावर अवलंबून असते. लष्करी अधिकाऱ्याला समन्वय हा शब्द ढिला वाटतो. अमुक काम कोण करणार आणि जबाबदार कोण, हे त्याला हवं असतं. तेही योग्यच आहे. दोघांनी एकमेकांचा शब्द समजून घ्यायचा, पण आपला सोडायचा नाही, अशी ही जागा आहे.

12 जानेवारी 2010 च्या हैतीच्या भूकंपानंतर जगभरातून वैद्यकीय पथकं तिथं धावली. काही उत्कृष्ट होती. काहींना आपण काय करू शकतो हेच धड सांगता येत नव्हतं. ‘सर्जिकल टीम’ म्हणून आलेल्या पथकाकडे भूल देण्याची, निर्जंतुकीकरणाची, शस्त्रक्रियेनंतर काळजी घेण्याची सोय असेलच असं नव्हतं. त्या अनुभवानंतर 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आधी सांगितलेलं टाइप वन, टू, थ्री हे वर्गीकरण मांडलं. आता टाइप टू म्हणवायचं असेल तर किमान वीस खाटा आणि दिवसाला सात मोठ्या किंवा पंधरा लहान शस्त्रक्रिया झेपल्या पाहिजेत. टाइप थ्री म्हणून पहिल्यांदा मान्यता मिळाली ती 2016 मध्ये इस्रायली लष्कराच्या फील्ड हॉस्पिटलाला. गणवेश कोणताही असो, ‘टाइप टू’ म्हटलं की यजमान देशाच्या आरोग्य खात्याला कळतं की या पथकाला किती जखमी पाठवायचे. इथं सामायिक शब्द म्हणजे दिलेला शब्दच असतो. तो मोजता येतो आणि त्याचा जाब विचारता येतो.

पुढच्या संयुक्त सरावासाठी माझी मागणी साधी आहे. खोटं रक्त लावून लोकांना जमिनीवर झोपवण्याआधी एक तास सगळ्यांनी एका खोलीत बसावं. प्रत्येक सेवेनं आपली कार्डं टेबलावर मांडावीत आणि एकेका रंगाचा माणूस कसा असतो, तो किती वेळ थांबू शकतो, हे वर्गाचं नाव न घेता सांगावं. कोणाचा वन मोठा आणि कोणाचा छोटा हे भिंतीवर लिहावं. हाती साधनं कमी पडली तर वाचण्याची आशा कमी असलेल्यांचा गट उघडायचा की नाही हे त्या दिवशी कोण ठरवणार, त्याचं नाव घ्यावं आणि तो माणूस खोलीत हजर असावा. आणि निमंत्रणाच्या यादीत डॉक्टरांच्या आधी वायरलेस ऑपरेटर, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर आणि हॉस्पिटलच्या गेटवरचे सुरक्षारक्षक असावेत, कारण निरोप त्यांच्याच तोंडून जातो आणि जखमी कोणत्या दाराशी उतरवायचे हे ऐन वेळी तेच सांगतात.